पलीकडे ऊन आहे का?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चार किलो मसूर निवडली. कोथरूडला, टूर कंपनीच्या किचनमध्ये, स्टुलांवर बसून. बायको, शालन, म्हणाली, "तुम्हांला खडा दिसत नाही, नुसते हात फिरवता." तिसऱ्या दिवशी ती गेली. हार्ट. महिन्याने हिमाचलात स्पितीची टूर होती. मालक म्हणाले, "मामा, या वेळी राहू द्या." म्हटलं, घरात बसून काय भिंती बघू? गेलो.

मी टूरचा आचारी. चौथी पास. शालन माझी मदतनीस, आणि माझी हिंदीसुद्धा तीच. ती नागपूरकडची. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' लावायचं.

तेरा हजार फुटांवर पाणी लवकर उकळतं, पण डाळ शिजत नाही. हवा विरळ. म्हणून कुकर हवाच. हवामानही तसंच फसवं. सप्टेंबर सरताना सकाळी अंग भाजतं, दुपारी बर्फ. खिंड ओलांडायची ती दुपारच्या आत, तीही आभाळ बघून.

त्या सकाळी आम्ही खिंडीच्या अलीकडच्या गावात होतो. आभाळ भरलेलं. दोन गाड्या, हिंजवडीची आयटीची पोरं, आणि एकाची सासू, तिला सगळे आजी म्हणत. पोरं निघायचंच म्हणून अडून बसलेली. "मंडेला रिलीज आहे, सर!" रिलीज म्हणजे त्यांचं नवं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाला द्यायचं. आमचा टूर मॅनेजर कुलकर्णी बॅगा चढवत होता. म्हणाला, "मामा, तो मेंढपाळ कालच पलीकडनं आलाय. विचारा जरा."

मी विचारलं, "बाबा, उधर ऊन है क्या?"

"ऊन तो बहुत है जी. जितनी चाहिए, ले लो."

म्हटलं, म्हातारा दिलदार आहे. कुलकर्णीला सांगितलं, "लख्ख ऊन. निघा."

तासाभरात काचेवर बर्फ. चढावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. एका बाजूला दरी. आजींचे ओठ निळे. जावई ओरडतोय, "ऑक्सिजन कुठंय?" सिलिंडर लावला. ड्रायव्हरांनी गाड्या रिव्हर्समध्ये वळणापर्यंत आणल्या. रिलीजचं नाव कोणी काढलं नाही.

गावात परत आलो, आजींच्या तोंडावर रंग आला. तेवढ्यात मेंढपाळ गोणी घेऊन दारात. "लो जी, ऊन." आत लोकर.

एक मुलगी फिस्कन हसली. "अहो मामा, हिंदीत ऊन म्हणजे लोकर! आपलं ऊन म्हणजे धूप."

"धूप देवापुढे जाळतात," मी म्हटलं.

कुलकर्णी म्हणाला, "मामी असत्या तर..." आणि जीभ चावली.

"तर आजींवर ही वेळ आली नसती. चूक माझी. मालकांना तसंच सांगा."

आजी खाटेवरून म्हणाल्या, "लोकर चांगली आहे हो. परत पाठवू नका."

मी एवढंच शिकलो. परमुलखात हवा तोंडाने विचारू नये, बोटाने विचारावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच केलं. बोट वर करून म्हटलं, "धूप?" म्हातारा बराच वेळ खिंडीकडे बघत राहिला. "आज नहीं." आत पोरांचं पुन्हा मंडे-मंडे सुरू होतं, बॅगा भरून तयार. मी दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या तांदळाच्या डब्यात खोल खुपसल्या, झाकण घट्ट लावलं आणि उपम्यासाठी रवा भाजायला घेतला.