दुपट्ट्याचं तिकीट

ही गोष्ट सांगणं मी कित्येक वर्षं टाळलं. प्रवास कसा झाला असं मुलीने विचारलं तेव्हा "बरा झाला" एवढंच म्हणालो, आणि पुढे विषय निघाला तेव्हाही तेवढंच. आता माझंही वय झालं. ज्याची ही गोष्ट आहे तो माणूस हयात आहे की नाही, मला माहीत नाही.

बायको जाऊन दोन-अडीच महिने झाले होते. मुलगी बंगळुरूला असते. तिने माझं नागपूरहून विमानाचं तिकीट काढायला घेतलं आणि फोनवर विचारलं, "बाबा, सीट कुठली घेऊ? खिडकीची, मधली, की कडेची?" मी खिडकीची म्हणालो. तिला वाटलं, बाबांना ढग बघायचे असतील. तसं नव्हतं. खिडकीला एकाच बाजूला शेजारी असतो, म्हणून.

आमच्याकडे शेजारी बसलेला माणूस गप्प राहत नाही. आधी गाव विचारतो. गाव सांगितलं की कोणीतरी ओळखीचं निघतं, आणि मग विचारतो, "घरी बाई कशा आहेत?" तो प्रश्न मला नको होता. त्याचं उत्तर मी अजून तोंडाने एकदाही दिलेलं नव्हतं.

मी पवनारचा. एसटीत कंडक्टर होतो आणि बरीच नोकरी वर्धा-हिंगणी गाडीवर झाली. त्या गाडीत जागा धरायची रीत म्हणजे गाडी थांबायच्या आत खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा सीटवर टाकायचा. दुपट्टा ज्याचा, जागा त्याची. त्यावरून भांडणं व्हायची. मग मी तिकिटांची पेटी उघडून त्या दुपट्ट्याला विचारायचो, "तिकीट फाडू का? अर्धं का पूर्ण?" लोक हसायचे आणि भांडण मिटायचं. त्या रस्त्यावर लोक मला या वाक्यानेच ओळखत.

विमानात माझ्या सीटपाशी पोचलो तर सीटवर पांढरा दुपट्टा अंथरलेला. मधल्या सीटवर साठीपुढची बाई बसली होती. एक हात दुपट्ट्यावर ठेवून म्हणाली, "जागा धरली हाये, भाऊ. आमचे बुढे येऊन राह्यले मांगून."

मी बोर्डिंग पास पुढे केला. "ही माझी सीट आहे. इथे नंबरप्रमाणे बसतात."

"नंबरानं तं त्याइले पार मांगं टाकलं. मी दिसली नाई का घाबरते ते. इसरून राह्यले ना आजकाल. पोरानं डाक्टरले दाखवाले बलावलं. तुमी बसा ना तिकडं, जागाच तं हाये."

मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात तिचा नवरा आला. विमानातल्या मुलीने त्याचा पास बघितला आणि हाताला धरून त्याला मागे नेलं. बाईने दुपट्टा उचलला, घडी करून मांडीवर ठेवला. मी खिडकीशी बसलो.

थोड्या वेळाने तिने विचारलंच, "आमी हिंगणीकडचे. तुमी कोनीकडचे?"

"पुण्याचा."

"वाटलंच. बोलनं पुस्तकातलं हाये."

विमान वर गेलं आणि मागून हाक आली, "कोठी गेली वं?"

"अठीच हाओ! बसून राहा चुपचाप!" ती बसल्या जागेवरून ओरडली. लोक हसले. तीही थोडी हसली. "घरी बी असंच. संडासात गेली तरी हाका मारते." हाताने मात्र ती दुपट्टा पिळत होती. हाका येतच राहिल्या.

मी बाहेर बघत होतो. ढग होते. ढग बघून मला काही वाटलं नाही, हाका ऐकूनही वाटलं नाही. उठून मागे जाऊन बसायला कितीसा वेळ लागला असता? तिने ज्याच्यासाठी जागा धरली होती तो मागे का होईना, होता. मी माझ्या शेजारी जागा धरली असती तरी कोणी यायचं नव्हतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात आलं होतं, ते सांगतो.

शेवटी कडेच्या सीटवरच्या बाईंनी लॅपटॉप मिटला. "आंटीजी, अंकल को यहाँ बुला लीजिए, मैं पीछे चली जाती हूँ." म्हातारा आला. बायकोने स्वतः कडेला सरकून त्याला मधे बसवलं, उठून जाऊ नये म्हणून. तो माझ्याकडे बघत राहिला. मग बायकोच्या मांडीवरचा दुपट्टा उचलून माझ्यापुढे धरला आणि खुदकन हसला.

"तिकीट फाडू का? अर्धं का पुरं?"

"काय बोलता?" ती म्हणाली.

"अवं, हे कंडक्टर होय! हिंगणीच्या गाडीवरचे!"

ती पुढे वाकून मला निरखू लागली. "खरंच का हो, भाऊ? तुमी होते आमच्या गाडीवर? लेकीच्या पोराईले वळखत नाई हे आता. सांगा ना, खरं हाये का?"

फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की पवनार आलं, आणि पवनारनंतर बायकोचं विचारणं आलं.

"नाही," मी म्हणालो. "मी पुण्याचा. तिकडे कधी आलेलो नाही."

ती मागे टेकली. "माफ करजा, भाऊ. असंच होते त्याइचं. कोनाले बी कोनी समजते."

म्हाताऱ्याने दुपट्टा खाली ठेवला. "मंग मीच चुकलो," म्हणाला. उतरेपर्यंत तो पुन्हा बोलला नाही.

बंगळुरूला बाहेर पडताना ती दोघं माझ्या पुढेच होती. मुलगा घ्यायला आला होता. पिशवी त्याच्या हाती देता देता ती म्हणाली, "इमानात बी एका पुन्याच्या मानसाले कंडक्टर म्हने, बापा."

"हे डॉक्टरला सांगावं लागंल," मुलगा म्हणाला.

मी त्यांच्या मागे उभा होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तेवढ्यात मुलीने मला बघून हात हलवला आणि मी तिच्याकडे वळलो.

परत आल्यावर एकदा हिंगणीला गेलो. त्या दोघांचं नाव विचारलेलं नव्हतं. स्टँडवर बसून राहिलो, चहा घेतला आणि वर्ध्याची गाडी लागल्यावर तिच्यात बसलो. तिथे भेटले असते तर काय म्हणायचं, ते जुळवून ठेवलं होतं. पुस्तकातल्या बोलीत नाही, आपल्याच बोलीत: भाऊ, तुमी नाई चुकले. मीच तो कंडक्टर. मी पवनारचा. मले माफ करजा.