ताई लवकर पोचली

त्याला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. ब्रेक दुरुस्त करताना गाडीखाली आडवा झाला, तरी त्याचा एक पाय हलत असायचा.

त्या वर्षी मात्र त्याच्या जिवाला खरंच घोर लागला होता. जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर दर रविवारी सकाळी त्याच्या क्लबची शर्यत व्हायची. पाव मैल सरळ रस्ता, एका वेळी दोन गाड्या आणि अट एकच: गाडी कारखान्यातून जशी आली तशीच हवी. पण गाड्या उरल्या होत्या नऊ आणि प्रेक्षक सात. त्यातले दोघे तर एका ड्रायव्हरचे सासू-सासरे. क्लबचे अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य होते. दात उपटण्याआधी बोलावं तितक्या मऊपणे ते म्हणाले, "या मोसमानंतर आवरतं घेऊ."

भिंगरीचं जेवणावरचं लक्ष उडालं. पेट्रोल पंप, सलून, वाचनालय, जिथे भिंत दिसेल तिथे त्यानं कागद चिकटवले: 'ज्या गाडीतून याल, तीच पळवा.' लोक वाचत आणि पुढे जात.

"माझं खटारं पळवून हसं करून घेऊ होय?" न्हावी म्हणाला.

"अहो, खटारंही जिंकतं! आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधी सांगायचं. दोघांत जेवढा फरक, तेवढे सेकंद हळू गाडीला आधी सोडतात. फक्त सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात, तर बाद!"

"म्हणजे पळायचं, पण फार नाही?" न्हाव्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

रविवारी नवं माणूस एकच आलं, तेही भांडायला. भिंगरीची थोरली बहीण घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासणारी नर्स होती. गाडीतून उतरता उतरताच ती कडाडली, "काल आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण नेणार होतं? तासभर चपला घालून बसली होती बिचारी!"

भिंगरीनं कान पकडले. "चुकलं गं ताई. उद्या सकाळी नेतो, शपथ." आणि त्याच दमात, नजर तिच्या सोळा वर्षांच्या गाडीवर ठेवून, तो म्हणाला, "आलीच आहेस, तर एकदा पळव ना."

"लाज आहे का तुला?"

दंतवैद्यांनी गाडीकडे पाहिलं. "राहू द्या हो. पोचायची नाही ती."

"सोळा वर्षांत हिनं मला एकदाही रस्त्यात टाकलेलं नाही!" ताई फणकारली आणि पुन्हा आत बसली.

आधी तिनं एकटीनं एक फेरी मारली. बावीस सेकंद लागले, तेवढेच तिनं सांगितले. समोर क्लबमधली सगळ्यांत वेगवान लाल गाडी, तेरा सेकंदांची. म्हणजे ताई नऊ सेकंद आधी सुटणार.

दिवा हिरवा झाला. मागच्या सीटवरचा बाळांचा वजनकाटा खडखडवत ताई निघाली. नऊ सेकंदांनी लाल गाडी झेपावली. अंतर भराभर कमी होत गेलं. भिंगरी कडेकडेनं पळत सुटला. पण रेघ आधी ओलांडली ताईनंच.

आरडाओरडा थांबला तो घड्याळ पाहून. एकवीस पॉइंट सहा.

"बाद," भिंगरी हळूच म्हणाला.

"मी पहिली आले ना?"

"सांगितल्यापेक्षा लवकर आलीस."

"आरशात ती लाल दिसली आणि पाय दाबला गेला." ताईचा चेहरा लालबुंद झाला होता. "पुन्हा लाव. आत्ता!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भिंगरी येरझारा घालत होता. आईनं विचारलं, "ताई पुढे जाऊन हरली म्हणे. असं कसं रे?" तो समजावू लागला, तशी बाकावरची अनोळखी माणसंही मधे मधे विचारू लागली. एका म्हाताऱ्यानं तर आपल्या गाडीला अठरा सेकंद लागतील, असं सांगूनही टाकलं.

पुढच्या रविवारी तो म्हातारा आला. ताईच्या तीन सहकारी नर्सही आल्या. कागदावर किती सेकंद लिहायचे, यावरून एकीची नवऱ्याशी तिथेच जुंपली. मागून, मान खाली घालून, न्हावीही आला. आई काळा चष्मा लावून बसली होती आणि "कोण पुढे आहे?" म्हणून शेजाऱ्यांना भंडावत होती.

मोसम संपला तेव्हा गाड्या तेवीस झाल्या होत्या. ताई एकदाही जिंकली नव्हती. दर वेळी पाय दाबला जायचाच. दंतवैद्य म्हणाले, "बरं, अजून एक वर्ष बघू."

"एकच?" म्हणत भिंगरी निघालासुद्धा. प्रेक्षकांना बाकं कमी पडत होती, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जुनी बाकं पडून आहेत, असं त्याच्या कानावर आलं होतं.