कॅनॉल रोडवरचे रविवार

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि घरातले रविवार एकदम मोकळे झाले. ती मागे ठेवून गेलेला कॅमेरा मी कपाटातून काढला आणि शाळेपासूनच्या मैत्रिणीला फोन केला. ती जलरंगात चित्रं काढते. नाशकात चित्रकारांना तोटा नाही, पण जो तो गंगेवर जाऊन बसतो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिलाही घाट, पायऱ्या आणि कबुतरं काढून कंटाळा आला होता. ती म्हणाली, "आपण लहानपणी जिथे हुंदडलो त्या जागा काढू. मी आठवेल तसं चित्र काढते, तू दिसेल तसा फोटो काढ."

तसं आमचं सुरू झालं. जिथे पेरूची बाग होती तिथे तिने बाग काढली, मी तिथल्या मोबाइलच्या दुकानाचा फोटो काढला. शाळेमागच्या मैदानाचं पार्किंग झालं होतं, त्याचंही तसंच. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवली की मी हळहळायचे. नवरा म्हणायचा, तुम्ही फिरायला जाता की दुखवट्याला?

मग एका रविवारी आम्ही कॅनॉल रोडला गेलो. तिथे आमच्या लहानपणी खरंच कॅनॉल होता. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. मैत्रिणीने फुटपाथवर घडीचं स्टूल टाकलं आणि पाणी रंगवायला घेतलं. सकाळी फिरायला येणारे थांबायला लागले. एका गृहस्थांनी सांगितलं, पूल इतक्या जवळ नव्हता. त्यांच्या बायकोचं म्हणणं, इतकासुद्धा लांब नव्हता. तिसरे एक आजोबा म्हणाले की पाणी एवढं निळं कधीच नव्हतं, चहासारखं असायचं. मैत्रीण निमूटपणे निळ्यात तपकिरी मिसळत होती. मला हसू आवरत नव्हतं.

एवढ्यात एक मोपेड येऊन थांबली. चालवणाऱ्या बाई साठीच्या असतील. पायाशी झेंडूच्या फुलांची गोणी, मागे आणखी एक बांधलेली. त्यांनी हेल्मेट काढलं, चित्र बराच वेळ पाहिलं.

"धुण्याचा दगड नाय काढला," त्या म्हणाल्या. "त्या वळणावर होता. लगीन होऊन आले तवापासून मी तिथंच धुणं धुवायचे."

मैत्रिणीने विचारलं, काढू का?

"दगड काढला तर मला बी काढा की त्याच्यावर."

मग त्या तिथेच उकिडव्या बसून दाखवायला लागल्या, धुणं आपटताना हात कसा वर जायचा ते. पातळ पोपटी रंगाचं काढा म्हणाल्या. फिरायला आलेली मंडळी फिरायचं विसरली. बघता बघता कॅनॉलच्या काठावर एक तरणी सून धुणं धुवायला लागली. पाहून बाई थोड्या लाजल्या.

मी नेहमीच्या सुरात म्हटलं, "मावशी, पाणी गेलं याचं वाईट वाटत असेल ना?"

"कशाचं वाईट?" त्या म्हणाल्या. "आमचा मळा पल्याड. पाणी होतं तवा डोक्यावर पाटी घेऊन पार पुलापर्यंत जायचं न् पुन्हा मागं यायचं. आता बटण दाबलं की गाडी बाजारात." मग म्हणाल्या, "पाण्याचा आवाज तेवढा आठवतो. त्याच्यावर झोप लय छान लागायची."

मी त्यांचा फोटो काढला. पदर सारखा करून, मोपेडच्या हँडलवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. मागे रस्ता, रस्त्यामागे त्यांच्याच अर्ध्या मळ्यावर उठलेली इमारत. दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी त्यांची होती. तिथून उरलेला मळा दिसतो, हे त्यांनी आम्हाला मुद्दाम बोटाने दाखवलं. इतके रविवार मी दुकानाचे, पार्किंगचे फोटो काढले होते, पण तिथे वावरणाऱ्या कुणाशी बोलले नव्हते. त्या दिवसानंतर मी आधी बोलायला लागले आणि मग कॅमेरा उघडायला लागले. फोटोंत माणसं आली. मैत्रिणीच्या चित्रांतही.

दसऱ्याच्या आधी मावशींचा फोन आला. मळ्याच्या फाटकाशी त्यांची पत्र्याची शेड आहे, तिथे दसऱ्याला झेंडू विकतात. तुमची चित्रं तिथं लावा, लोकं बघतील, असा त्यांचा आग्रह. मैत्रीण आधी प्रदर्शनासाठी एका हॉलच्या विचारात होती, पण तिलाही गंमत वाटली. हार टांगायच्या दोरीवर आम्ही चिमटे लावून चित्रं आणि फोटो जोडीने टांगले. खाली झेंडूचे ढीग. मावशींचे यजमान फुलांवर पाणी शिंपडायचे आणि मैत्रीण दर वेळी उठून पेरूच्या बागेच्या चित्रापुढे उभी राहायची.

गर्दी फुलांसाठीच होती, पण हातात पिशवी धरून माणसं दोरीकडे बघत उभी राहत. कुणाला आपली शाळा सापडली, कुणाला आपलंच दुकान. एका दुकानदाराने फोटोत आपलं पोट फार दिसतंय अशी तक्रार केली आणि लगेच मोबाइलमध्ये त्या फोटोचा फोटो काढून घेतला. कॅनॉलच्या चित्रापाशी पूल जवळ की लांब हे भांडण पुन्हा रंगलं. मैत्रिणीने ते चित्र संध्याकाळी मावशींना देऊन टाकायचं ठरवलं होतं, म्हणून तिला त्याची फार काळजी.

दुपार कलेपर्यंत फुलं संपली, पण गिऱ्हाईकं येतच होती. मावशींनी माझ्या हातात एक पाटी दिली. म्हणाल्या, चला, तोडायला माणूस कमी हे. मैत्रिणीला चित्रांपाशी ठेवून मी त्यांच्या मागोमाग मळ्यात शिरले. ऊन तिरपं आलं होतं, दोन इमारतींच्या मधून सगळा झेंडू पेटल्यासारखा दिसत होता. कॅमेरा गळ्यातच होता, पण हात मोकळे नव्हते. मावशी पुढच्या सरीतून सांगत होत्या, "देठ ठेवा थोडा, नायतर हार टिकत नाय." मी देठ ठेवत ठेवत पाटी भरत राहिले.