आईचा कोरा चहा

मांजर मी आणली होती, हे आधी सांगायला हवं, कारण पुढे ती माझी कधीच झाली नाही.

मी शिकवतो त्या शाळेत पुस्तकांच्या कपाटामागे एका मांजरीनं तीन पिलं घातली होती. दोन पिलं कुणीकुणी नेली. तिसरं, करडं, पाठीवर काळे पट्टे असलेलं, शाळेला सुट्टी लागायच्या दिवशी तिथंच उरलं. मी ते डब्याच्या पिशवीत घातलं आणि मोटरसायकलवरून घरी आणलं. आमचं गाव पाटोद्याहून लिंबागणेशकडे जाताना रस्त्यापासून आत, डोंगराच्या अंगाला आहे. घरात आई आणि मी दोघंच. वडील मी नववीत असताना गेले. त्यानंतर आईनं शेळ्या राखून मला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्या वर्षांत दुपारची भाकरी माझ्या डब्यात जायची आणि आई स्वतः शेळीच्या दुधाच्या चहावर दिवस काढायची. घट्ट, पाणी नावाला असलेला चहा. पुढे घरात सगळं पुरेसं आलं तरी तिची तेवढी एक हौस राहिली. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, असा तीन वेळा चहा.

पिलाला मी वाटीत भाकरी कुस्करून दूध द्यायचो, अंगावर घ्यायचो, हाका मारायचो. आई त्याला कधी हात लावत नसे. पायात आलं की "हो बाजूला" म्हणायची. तरी महिनाभरात त्यानं आईला धरलं. ती धार काढायला बसली की हे समोर चार हातांवर बसायचं. आई अधूनमधून धारेतली एक चिळकांडी त्याच्या तोंडाकडे सोडायची आणि पुन्हा कामाला लागायची. ना लाड, ना बोलणं. शेळ्या चरायला निघाल्या की मांजर ओढ्यापर्यंत मागे जायची, तिथल्या दगडावर बसायची आणि आई दिसेनाशी झाली की परत यायची. संध्याकाळी शेळ्यांच्या घंटा मला ऐकू यायच्या आधी ती त्या दगडावर असायची. आईकडे बघून डोळे अगदी सावकाश मिटायची आणि उघडायची. माझ्याकडे तिनं असं कधी बघितलं नाही.

शेजारी राहणाऱ्या काकांना यात फार गंमत वाटायची. "मास्तर, खाऊ तू घालतो अन् मांजर पळती मायमागं," ते म्हणायचे. "वर्गातली पोरं तरी येतेत का बे तुझ्या हाकेला?"

मी हसायचो, पण मनात थोडं लागायचं. पुढे मला वाटायला लागलं की ते बरोबरच होतं. मी तिला उचलायचो ते मला वाटेल तेव्हा. आईचं सगळं रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच वासाचं होतं, आणि तिनं मांजरीकडे कधी काही मागितलं नव्हतं. मांजर मोठी झाली तशी ती उंदीर मारून आईच्या अंथरुणाशी आणून ठेवू लागली. आई शेपटीला धरून तो उकिरड्यावर टाकायची आणि मांजरीला सांगायची, "मला दात राहिले न्हाईत गं, तूच खा." मांजरीशी ती बोलायची ते एवढंच.

दोन वर्षांपूर्वी सुगीनंतर घरात उंदीर फार झाले. ज्वारीच्या पोत्यांमागे, पत्र्याच्या पेटीमागे खुडबुड चालायची. एका शनिवारी मी खुंटीला टांगलेली माझ्या प्रमाणपत्रांची पिशवी काढली आणि बघतो तर पदवीच्या कागदाचा एक कोपरा कुरतडलेला. तेवढाच कोपरा गेला होता, अक्षर एकही गेलं नव्हतं. पण मला आईचे ते दुपारचे चहा आठवले आणि डोकं फिरलं. रविवारी आई शेळ्या घेऊन गेल्यावर मी पाटोद्याहून उंदराच्या औषधाची पुडी आणली.

आईला मी सांगितलं नाही. घरात विष ठेवलेलं तिला चालत नाही; शेळ्या ज्या घरात बांधतो तिथं तर नाहीच. पुडीवरचं सगळं मी वाचलं. लहान मुलांपासून दूर ठेवा, अन्नाजवळ ठेवू नका, हात स्वच्छ धुवा. शिकलेला माणूस म्हणून मी ते सगळं पाळलं. औषध कणकेत मळलं, कारण आमची मांजर कणकेला तोंड लावत नाही हे मला ठाऊक होतं. गोळ्या पेटीमागे, जिथं शेळीचं तोंड पोचणार नाही, तिथं ठेवल्या. संध्याकाळी बघितलं तर बऱ्याच खाल्लेल्या होत्या. उरलेल्या मी लांब नेऊन पुरल्या, हात दोनदा धुतले आणि काम नीट झालं असं मनाशी म्हटलं.

मांजर कणीक खात नाही, पण उंदीर खाते. एवढी साधी गोष्ट, जी शाळेत न गेलेल्या माझ्या आईनं पुडी बघताच सांगितली असती, ती माझ्या डोक्यात आली नाही.

सोमवारी संध्याकाळी आईच्या अंथरुणाशी उंदीर होता. आईनं नेहमीसारखा तो उचलून टाकला. मी खूश झालो की औषध लागू पडलं. मांजर त्या दिवशी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, हे मी बघितलं होतं आणि त्याचा काही विचार केला नव्हता.

मंगळवारी सकाळी मांजरीनं तापवलेल्या दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं. असं ती कधी करत नसे. आता वाटतं, तिला तहान लागली असावी. आईनं हातातली पळी फेकून मारली. पळी तिच्या पाठीत बसली आणि मांजर बाहेर गेली ती गेलीच. त्या संध्याकाळी ओढ्याच्या दगडावर ती नव्हती.

"रुसली," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी शेळ्या आणताना ती वाटेतल्या प्रत्येक बांधाशी थांबत आली, असं काकांनी सांगितलं.

शुक्रवारी मला सुट्टी होती. दुपारी कडबा काढायला गेलो तेव्हा गंजीच्या मागच्या फटीत मांजर सापडली. मरून दोन दिवस झाले असावेत. शेजारी अर्धवट खाल्लेला उंदीर होता. मी खोरं आणलं आणि बांधाखालच्या बाभळीजवळ तिला पुरलं. संध्याकाळी आई आली की सांगायचं, असं ठरवलं होतं.

संध्याकाळी आई ओढ्याकडून हाका मारत आली. मांजरीला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. शेळ्यांना बोलवायचा जो तोंडाचा आवाज असतो, तोच आवाज ती बांधाबांधावर करत होती. आवाज बसला होता. उद्या सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

शनिवारी सकाळी तिनं चहा केला. माझा नेहमीसारखा आणि तिचा कोरा. मी विचारलं तेव्हा तिनं मांजरीच्या रिकाम्या वाटीकडे बघत सांगितलं, "ती येईस्तोवर मी दूध तोंडाला लावणार न्हाई. दुधावरनंच मारलं ना मी तिला."

आमच्याकडे बायका अशा गोष्टी सोडतात. कुणी पोराच्या दुखण्यासाठी गूळ सोडतं, कुणी हरवलेल्या बैलासाठी मीठ. मागणं पुरं झालं की सोडलेलं परत घ्यायचं. मी एक दिवस उशीर केला आणि तेवढ्यात, जी आता येऊच शकत नाही त्या मांजरीसाठी आईनं दूध सोडलं होतं.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी वेगळाच शहाणपणा केला. पाटोद्याच्या बाजारात एका दुकानाच्या मागे तशाच पट्ट्यांची मांजर होती, ती मागून आणली. आईनं तिला उलटून पालटून बघितलंसुद्धा नाही. मांजर थेट पेटीखाली घुसली.

"ही दुसऱ्या कुणाची तरी हाय रे," आई म्हणाली. "राहू दे. जेवू घालू." आणि पुन्हा स्वतःसाठी कोरा चहा गाळला.

महिना गेला, दुसरा लागला. आईचे गुडघे आधीच दुखायचे, आता तिला शेळ्यांमागे चढताना चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी तपासून हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं आणि दूध घ्यायला बजावलं. आई त्यांच्यासमोर हो म्हणाली. रोज ती स्वतः धार काढायची, पातेलंभर दूध तापवायची आणि मला वाढायची. तिची चुकलेली मांजर मी परत आणू शकत नव्हतो, पण खरं सांगितलं तर तिची वाट बघणं थांबेल, आणि वाट बघणं थांबलं की दूधही सुरू होईल, अशी माझी समजूत होती. तेवढ्यासाठी मी अखेर एका दुपारी, ती ज्वारी निवडत असताना, पुडीपासून बाभळीपर्यंत सगळं सांगितलं.

तिचा हात सुपात थांबला. तिनं विचारलं, "सोमवारचा उंदीर बी तसलाच होता का?"

मी हो म्हणालो.

"म्हंजी तिला बरं वाटत न्हवतं," ती म्हणाली. "तरी घिऊन आली."

मग तिनं जागा दाखवायला सांगितलं. चपला घालून माझ्याबरोबर बांधापर्यंत आली. कुत्र्यांनी उकरलं नसल्याचं बघून तिनं दोन मोठे दगड माझ्याकडून वर ठेवून घेतले. मी वाट बघत होतो की ती मला बोलेल. लहानपणी एका शेंगदाण्याच्या चोरीसाठी तिनं मला ओढ्यापर्यंत पळवत मारलं होतं. त्या दिवशी येताना आई एवढंच म्हणाली की, मी पळी मारली नसती तर मांजर घरात राहिली असती, मला दिसली असती, काहीतरी करता आलं असतं. चूक माझी होती, पण तिनं ती स्वतःच्या अंगावरून उतरवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चहा कोराच होता.

मी म्हटलं, आई, आता कुणाची वाट बघायची? ती आता येणार नाही, तुला कळलं ना.

"येईस्तोवर म्हनले होते," ती म्हणाली. "आली का ती? मंग कसं पिऊ?"

मी तिला समजावलं. शिकलेला माणूस समजावतो तसं, एकातून एक मुद्दा काढून समजावलं. ती ऐकत राहिली आणि चुलीतली लाकडं मागं ओढत राहिली. मग मी लिंबागणेशच्या देवळात जाऊन पुजाऱ्यांना विचारलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, आईला घेऊन या, नारळ ठेवा, देवापुढे सोडवून घेऊ, असं पुष्कळ जण करतात. मी आनंदानं घरी आलो आणि तिला सांगितलं.

"मी देवापुढं कुठं बोलले होते?" आई म्हणाली. "तिच्या वाटीपुढं बोलले होते. देव कसा सोडवील?"

आजही तिचा चहा कोराच आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती माझ्या समाधानासाठी घेते. चढावरच्या शेळ्या आता काका आणतात. गेल्या आठवड्यात मी सांगून टाकलं की उद्यापासून मीही कोराच पिणार. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पुन्हा काहीतरी न विचारता करायला निघालोय.

"तू काय सोडू नको," ती म्हणाली. "तुला दिवसभर वर्गात बोलावं लागतं." आणि दुधाच्या चहाचा कप माझ्यासमोर ठेवला.

मी तो पितो. ती बघत असते, म्हणून पूर्ण पितो.