ब्रह्मा घाटावरून रेडिओग्राम उतरवताना

लोक बनारसला पापं धुवायला जातात, मी फर्निचर उचलायला गेले. पुण्यात माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. आजीच्या काळातली आरामखुर्ची, गोल डायलचा फोन, पत्र्याची ट्रंक असं काहीबाही मी विकते आणि ज्यांनी आजीला कधी पाणीसुद्धा विचारलं नाही, ते लोक ते हौसेने विकत घेतात. अशाच एका गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात रेडिओग्राम हवा होता. म्हणजे रेडिओ आणि तबकड्यांचं यंत्र एकाच सागवानी कपाटात. ब्रह्मा घाटाजवळ राहणाऱ्या सुमतीताईंकडे तो आहे, असं कळलं. फोनवर त्या एकच वाक्य बोलल्या, "लवकर येऊन घेऊन जा."

पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि धुकं असं होतं की गंगा आहे यावर विश्वासच ठेवावा लागत होता. रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. पुढे एक म्हैस, एक मोटरसायकल आणि मी अशा तिघींची कोंडी झाली. म्हैस सर्वांत समंजस निघाली. कोपऱ्यावर द्रोणात कचोरी आणि भाजी खाल्ली, वर जलेबी. दुकानदाराला वाट विचारली तर म्हणाला, "महाराष्ट्रियन लोगन के घर? नाक की सीध में जाइए." ती गल्ली मात्र सरळ अशी कुठेच नव्हती.

सुमतीताई शहात्तर वर्षांच्या, ताठ, डोक्याला लोकरीचा मफलर. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेलं. लग्न केलं नाही; थोरल्या भावाबरोबर याच घरात राहिल्या. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. घराणं पेशव्यांच्या काळापासून काशीत, त्यामुळे त्यांची मराठी जुनी आणि हिंदी मिसळलेली.

"तुम्ही पुण्याची माणसं हा कबाड (भंगार) घरात कशाला भरता गं?" त्यांनी चहा देताना विचारलं.

"लोकांना जुना काळ आवडतो."

"त्यांनी तो पाहिला नसेल."

रेडिओग्राम पहिल्या मजल्यावरच्या खोलीत होता. पलंगाएवढा लांब, अक्रोडी रंगाचा, पितळी जाळीचा. मी हरखून मोबाइल काढला. माझी नेहमीची पद्धत आहे: मालकांना वस्तूवर हात ठेवायला सांगायचं, दोन आठवणी बोलायला लावायच्या आणि ती चित्रफीत गिऱ्हाइकांना पाठवायची. डोळ्यांत पाणी आलं तर वस्तू त्याच दिवशी जाते.

"ताई, याच्याशी किती आठवणी जोडलेल्या असतील, नाही?"

"आहेत ना," त्या म्हणाल्या. "माझ्या पहिल्या तीन वर्षांच्या पगारातून घेतला. दादाने सांगितलं, तुला नाही समजणार, तू हात लावू नकोस, आतले व्हॉल्व्ह जातील. मग रोज सायंकाळी तो लावायचा. बातम्या आणि भजनं. मला सिनेमाची गाणी आवडायची. ती लागली की दादा बटण फिरवायचा."

"मग तुम्ही कधीच...?"

"फडक्याने पुसायचे. रोज."

मोबाइल माझ्या हातात तसाच चालू होता. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं. "ते बंद कर. मी रडणार नाही."

मी बंद केला. खरं सांगायचं तर आधी मनात आलं की हे काही कामाचं नाही. मग स्वतःचीच लाज वाटली. पण जरा उशिराच.

तेवढ्यात मकबूलभाई आले. चौकातले जुने रेडिओ मेकॅनिक. उचलण्याआधी यंत्र चालतं का ते पाहायला मीच त्यांना बोलावलं होतं. मागची फळी काढून त्यांनी आत डोकं घातलं. फुंकर मारली, दोन शिंका दिल्या, एक मेलेली पाल बाहेर काढली. तासाभराने म्हणाले, "दीदी, अब लगाइए."

सवयीने मी पुढे झाले.

"थांब," सुमतीताई म्हणाल्या.

त्यांनी पदराला हात पुसले. बटण फिरवलं. आधी पिवळा दिवा लागला, मग बराच वेळ काहीच नाही. आणि एकदम खोल, घुमणाऱ्या आवाजात एक गृहस्थ बटाट्यावरच्या करपा रोगाबद्दल बोलू लागले.

मला हसू फुटलं. सुमतीताई हसल्या नाहीत. उभ्या राहून त्यांनी बटाट्याचं सगळं ऐकलं, फवारणी किती दिवसांनी करायची इथपर्यंत. मग सावकाश काटा सरकवला. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर, आणि एक जुनं सिनेमाचं गाणं लागलं. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. खिडकीची तावदानं थरथरू लागली. खालून शेजारी ओरडला, "अरे बहिनजी, का भयल?" (काय झालं?) त्यांनी उत्तर म्हणून आवाज आणखी वाढवला.

मला वाटलं, गेला आपला रेडिओग्राम. आता ह्या कशाला विकतात! गिऱ्हाइकाला काय सांगायचं, याची जुळवाजुळवही मी मनात सुरू केली.

गाणं संपलं. त्यांनी खट्कन बटण बंद केलं. "झालं. आता हटवा याला इथून."

"नक्की ना, ताई? आता चालतोय. ठेवून घ्या, मी काही म्हणणार नाही."

"मला गाणी ऐकायची होती गं, लाकूड नाही. हा बघ." त्यांनी पदराखालून तळहाताएवढा निळा स्पीकर काढला. "हा मी न्हाणीघरातसुद्धा नेते."

पुढचा प्रश्न बाहेर काढण्याचा. आणताना तो गल्लीतून आला होता, पण नंतर शेजाऱ्याने वळणावरच जिना बांधला होता. शेवटी घाटाकडची मोठी खिडकी चौकटीसकट काढली. लल्लन नावाचा नावाडी आणि त्याचे दोन भाऊ दोर घेऊन वर आले. चरे पडू नयेत म्हणून मी रेडिओग्रामला सुमतीताईंची लाल चादर गुंडाळली. ही चूक झाली.

अर्ध्यात दोर अडकला आणि लाल चादरीतली ती भव्य वस्तू घाटाच्या पायऱ्यांवर अधांतरी लोंबकळू लागली. खाली गर्दी जमली. संध्या करणारे एक मराठी गुरुजी पळी हातात धरून सल्ले देऊ लागले. एका परदेशी पाहुण्याने तीसेक फोटो काढले. पायऱ्या चढणारी एक म्हातारी थांबली, हात जोडून तिने विचारलं, "कवन देवता हईं?" (कुठले देव आहेत?)

खाली उतरून दोराचं टोक दातांत धरलेला लल्लन म्हणाला, "बहुत भारी देवता हैं, माई. हट जाइए."

तिने हटण्याआधी झेंडूचं फूल वाहिलं. तिच्या मागच्या दोघांनीही नमस्कार केला. वर खिडकीच्या भगदाडात सुमतीताई उभ्या होत्या आणि तोंडावर मफलर दाबून गदगदून हसत होत्या. आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

अडकलेला दोर मोकळा झाला, देवता नावेत बसल्या. राजघाटापर्यंत नावेने, पुढे टेम्पोने माल वाहतूकवाल्याकडे. मकबूलभाई नावेत त्याला टेकून बसले होते. धुकं विरलं होतं, पैलतीराची वाळू पांढरी दिसत होती. "आजकल सब पुराना माँगते हैं," ते म्हणाले, "बस, पुराना मिस्त्री कोई नहीं माँगता." मी त्यांचा पत्ता लिहून घेतला, त्यानंतर दुरुस्तीची दोन कामं त्यांना पाठवली आहेत.

आठवड्याने रेडिओग्राम पुण्यात पोचला, एकही चरा नाही. गिऱ्हाईक खूश. चित्रफीत नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले, मग हळवे होऊन म्हणाले, "घरातून जाताना त्या बाईंना फार जड गेलं असेल, नाही?"

एरवी मी हो म्हटलं असतं. आमच्या धंद्यात 'हो'ला चांगला भाव येतो. पण राजघाटावरून परतल्यावर मी सुमतीताईंकडे जेवले होते. त्यांनी खिडकीच्या भगदाडासमोर, रेडिओग्रामच्या जागी, दोन पाट मांडले होते. समोर सगळी नदी.

"नाही हो," मी म्हणाले. "त्या दिवशी त्यांनी श्रीखंड केलं होतं."