तुटकी बादली आणि जवळा बाजारची उमेदवारी

पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आपल्याला छंद म्हणून आजवर काय काय देऊ केलं गेलं ते एकदा आठवा. रांगोळी, क्रोशा, केकवर गुलाब काढणं, कुंड्यांना रंग देणं. सगळं हलकं, सगळं नाजूक, सगळं सोफ्यावर बसून करता येणारं. घर आपण ओढलं, नोकरी ओढली, आजारी माणसं उचलली. पण फावल्या वेळात मात्र आपल्या हाताला सुईपेक्षा जड काही झेपणार नाही, असं ठरवून टाकलं गेलं. आपल्याला आजवर कुणीही घण देऊ केला नाही. मला ही गोष्ट अन्यायाची वाटते, आणि अन्याय दिसला की मी सभागृह बघत नाही, उभी राहते.

या वेळी उभी राहिले ती स्वयंपाकघरात. नवऱ्याला सांगितलं, मी लोहारकाम शिकायला हिंगोली जिल्ह्यात चालले आहे. तो म्हणाला, "खांदा उतरला तर फोन कर, आणि कुंड्यांना पाणी किती घालायचं ते लिहून ठेव."

पुण्याहून रात्रीच्या रेल्वेने सकाळी परभणी. स्टँडवरून हिंगोलीकडे जाणारी कोणतीही लाल गाडी जवळा बाजारला थांबते. झिरो फाट्याला चहा प्या, पुढे बरा मिळत नाही. सोयाबीन काढणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली रानं आणि रस्त्यावर मळणीयंत्रं. शेजारच्या बाईंनी विचारलं, कुणाकडं? म्हटलं, लोहाराकडे, लोहारकी शिकायला.

"काहून? साहेबांची नोकरी गेली का?"

"नाही हो. हौस म्हणून."

त्यांनी पिशवीतून एक केळं काढून हातात दिलं.

मुक्काम पुढे औंढा नागनाथला केला. देवळामुळे तिथे साध्या, स्वच्छ खोल्या स्वस्तात मिळतात आणि जवळा बाजारला जायला दिवसभर गाड्या असतात. कपडे सुतीच न्या. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, नायलॉन अंगाला चिकटतं.

माझे गुरू रशीदभाई. परभणीच्या एका मैत्रिणीचं माहेर जवळ्याचं, तिने ओळख काढून दिली होती. मिशीला मेंदी लावलेला हा गृहस्थ भेटल्याबरोबर म्हणाला, "आपल्या हातचा विळा जालन्यापर्यंत जातो." त्यांची बायको मुमताजभाभी भट्टीमागून म्हणाली, "एकदा एक पाव्हणा चुकून घेऊन गेला होता, ताई."

या भट्टीवर एक जुनी रीत आहे. ज्याचं हत्यार, त्याने घण मारायचा. रशीदभाई सांडशीत तापलेलं लोखंड धरतात आणि छोट्या हातोडीने जागा दाखवतात. तिथे गिऱ्हाईक घण हाणतं. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली, की थांबायचं. गिऱ्हाईक म्हातारं असेल तर भाभी घण उचलते. मी भाभीची शिष्या म्हणून उभी राहिले. पहिला घाव ऐरणीच्या कडेला, दुसरा जमिनीत. तिसरा बरोबर बसला आणि मला इतका आनंद झाला की हातोडीने थांब म्हटलेलं मी ऐकलंच नाही.

"ताई," रशीदभाई म्हणाले, "विळा सांगितला होता. तुमी पापड केला."

दम खायला बसले तर रांगेतल्या लोकांनी विचारलं, हे काहून करून राहिल्या? आता मला कुणी कारण विचारलं की मी दोन वाक्यांत थांबत नाही. श्रम, बाईचा हात, बाजारातला एका पावसात वाकणारा माल, यावर मी बोलले. ज्वारीची पोती उतरवणारे हमालसुद्धा येऊन उभे राहिले. शेवटी मागून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "जागा लेडीजला सुटली न्हवं का. ह्याच त्या."

जिल्हा परिषदेची निवडणूक कधी होणार हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, पण होणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. अशा हवेत एक अनोळखी, मोठ्या आवाजाची बाई रिकाम्या हातांनी गावात येते आणि लोहाराचा घण उचलून बघते. छंद म्हणून? एवढं कोण खोटं बोलतं?

दुसऱ्या दिवशी भट्टीवर माझ्यासाठी एक खुर्ची होती. तिच्यावर शाल होती. वरच्या आळीचे चार जण हार घेऊन आले आणि माझ्या मागे बघू लागले.

"साहेब न्हाई आले?"

"साहेब पुण्यात कुंड्यांना पाणी घालतायत."

"बराबर," त्यातले वडीलधारे समजूतदारपणे म्हणाले. "फॉर्म भरायच्या टायमाला येतील."

मी खुर्ची नाकारली, हार म्हशीच्या गळ्यात घालायला सांगितला आणि पुन्हा घण उचलला. त्यांनी फोटो काढले. म्हशीचाही काढला.

तोवर गंमत होती. पण दुपारी रशीदभाई काम नसल्यामुळे विस्तव नुसताच उकरत बसले होते. निवडणूक म्हटली की वरच्या आळीच्या विरोधात उभी राहणाऱ्या खालच्या आळीचं एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. भट्टीवर वरच्या आळीचा उमेदवार बसलाय म्हटल्यावर त्यांनी बाजारात टांगलेले तयार विळे घ्यायला सुरुवात केली होती.

"सुगीतच आमचं वर्ष निघतं, ताई," भाभी म्हणाली. "मंग हायेतच खुरपी अन् बिजागऱ्या. एकदा तयार विळ्याची सवय लागली की मानूस फिरून येत न्हाई."

म्हणजे माझ्या हौसेपायी एका घराची सुगी चालली होती. मी तत्काळ बाजारात एका ओट्यावर चढले आणि खुलासा केला. मी कोणत्याही पक्षाची नाही, मला काहीही नको, मी कुणाकडेही मत मागायला आलेली नाही. सगळ्या ताकदीनिशी बोलले. टाळ्या थांबेनात. उतरल्यावर एक तरुण अदबीने म्हणाला, "मॅडम, अपक्ष का मग?"

भाभीने घणाचा दांडा पाण्यात भिजत घालता घालता उपाय काढला. "कुनी काई मागितलं तर उमेदवार कधी न्हाई म्हनतो का? तुमी न्हाई म्हना."

खालच्या आळीचे गौतमराव तेवढ्यात कडेने चालले होते. वाळलेल्या अंगाचे, तिरकस शेतकरी. भाभीने त्यांना मुद्दाम हाक मारली. ते लांबूनच म्हणाले, "आमच्या पांदीचं काय मग, बाई? पावसाळ्यात बैल कमरेइतका फसतो."

पाणंद रस्त्यासाठी मी आयुष्यात कितीतरी ठिकाणी बोलले आहे. तोंडातून 'झालाच पाहिजे' बाहेर येत होतं, ते गिळलं. "नाही. माझ्याच्यानं होणार नाही."

"नाल्यावरचा पूल?"

"तोही नाही."

गौतमराव थांबले. चष्मा पुसला. "इतक्या वर्षांत पयल्यांदा कुणी खरं बोललं. हिलाच द्यावं लागंल."

रशीदभाईंनी डोक्याला हात लावला. पण गौतमराव जाता जाता खरं दुखणं सांगून गेले. "हौस बिस आमाला कळत न्हाई, बाई. भट्टीवर जो येतो तो मोडकं काहीतरी घेऊन येतो. तुमी हात हलवत आल्या. तुमचं काय मोडलंय?"

त्या संध्याकाळी औंढ्याच्या खोलीत मी मोडकी वस्तू शोधली. माझं काहीच मोडलेलं नव्हतं. न्हाणीत मात्र एक पत्र्याची बादली होती, तिची कडी एका बाजूने तुटून सुतळीने बांधलेली. खोलीच्या मालकांना म्हटलं, दुरुस्त करून आणते. ते म्हणाले, "आणा की. न्हाई आणली तरी चालंल."

सकाळी मी बादली मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टरने तिच्यात वाकून पाहिलं आणि तिकीट फाडलं. जवळ्यात आठवडी बाजार भरला होता. दोन्ही आळ्यांमधून बादली हातात धरून चालत गेले, आणि मधोमध तो कालचा तरुण ओरडला, "निशानी भेटली. बादली."

लोक जमले. वरच्या आळीतून टाळ्या पडल्या, खालची आळी दुकानांच्या आत सरकली. रशीदभाईंचा चेहरा मला लांबून दिसला. माझ्या तोंडाशी भाषण आलं होतं. ते तिथेच ठेवलं आणि बादली गौतमरावांच्या पुढे धरली.

त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, सुतळी बोटाने ओढून पाहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कडी तुटलीय हिची. तुटकी निशानी कोन घेतंय? गिऱ्हाईक हाय ही." आणि माझ्याकडे वळून, "मंग पुढं काहून घुसता, बाई? रांगेत थांबा."

इतक्या सन्मानाने मला आजवर कुणी मागे पाठवलं नव्हतं. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने माझ्या मागे खालच्या आळीची एक बाई दोन विळे घेऊन उभी राहिली, तिच्यामागे तिची जाऊ, आणि मग गौतमराव कुऱ्हाड आणायला घरी गेले. शालीची खुर्ची कुणीतरी चहाची किटली ठेवायला घेतली. पाळी आली तेव्हा ऊन कललं होतं. जाड सळई तापवली, भाभीने पदर खोचून घण माझ्या हातात दिला, आणि या वेळी हातोडी ऐरणीवर वाजली तेव्हा मी थांबले. कडी वाकडीच झाली. पण भरलेली बादली तिने पेलली.

त्यानंतर सुगी संपेपर्यंत भाभीला जेवायलाही बसता आलं नाही, असं ती फोनवर तक्रारीच्या सुरात सांगते. मागून रशीदभाई ओरडतात, आता आपला विळा नांदेडपर्यंत जातो.

घरी परतून महिना झाला. उजवा खांदा अजून बोलतो. साडीला तीन भोकं आहेत, ती मी रफू करणार नाही. लोहारकी मला आली का? नाही. तळहातावर घट्टे आले, आणि तापलेल्या लोखंडासमोर आपण बोलत नसतो, मोजून मारतो, हे अंगाला कळलं. एवढ्यासाठी इतका प्रवास? हो, आणि पुन्हा जाईन. कुंड्यांतली दोन झाडं मेली, तीही चालतील.

तेव्हा मैत्रिणींनो, नुसतं वाचून माना डोलावू नका. येत्या बाजाराच्या दिवशी घरातली एक मोडकी लोखंडी वस्तू हातात घ्या, जवळच्या लोहाराच्या रांगेत उभ्या राहा, आणि पाळी आली की त्याच्याकडे घण मागा.