गादीवर कोण आहे?

नवं प्लगिन समोर आलं की सर वरची कौतुकं वाचायचेच नाहीत. थेट खाली जायचे, एकच तारा देऊन शिव्या घालणाऱ्या लोकांकडे. त्यांचे वडील जुन्या जालन्यात धान्याच्या आडतीवर हमाल होते. "पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगले दाणे ठेवतेत," सर म्हणायचे. "हात तळाला घाला."

मेथीची जुडी सोडून बघितल्याशिवाय न घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सर त्यातले. कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत आम्ही दोघं वेबसाइट बनवायचो. प्लगिन म्हणजे वेबसाइटला जोडायचा, कुणीतरी बनवून ठेवलेला भाग. फॉर्मसाठी एक, फोटोंसाठी एक, असे हजारो फुकट मिळतात. मी बस्त्याला बसल्यासारखी हे बघ, ते बघ करायचे. सरांचं एकच, "गादीवर कोणी हाय का, ते बघा आधी."

गादीवर म्हणजे, बनवणारा अजून लक्ष देतो का. शेवटची दुरुस्ती कधीची ते बघून सर त्याला एखादा साधा प्रश्न लिहायचे आणि तीन दिवस वाट बघायचे. गिऱ्हाईक खाली हॉर्न वाजवत उभं असलं तरी. "सर, इतका वेळ लोक पोरगी बघायलासुद्धा लावत नाहीत," मी म्हणायचे. उत्तर आलं की ते खुलायचे. "हाय माणूस. घ्या."

वडीगोद्रीकडच्या मेंढपाळ समाजाची वधू-वर वेबसाइट आमच्याकडे आली, तेव्हा सर बहिणीकडे आष्टीला गेले होते. मी फॉर्मसाठी एक देखणं प्लगिन निवडलं. पाच तारे होते. शेवटची दुरुस्ती तीन वर्षांपूर्वीची होती, तेही मी वाचलं. वाचून पुढे गेले, आणि सरांना सांगितलं नाही.

महिन्याभरात त्यातून मुलींचे फोन नंबर बाहेर फुटले. कोण कुठले पुरुष फोन करू लागले. सरांनी त्याच तासाला वेबसाइट बंद केली आणि मला म्हणाले, "चला. घरोघर जायचंय."

अकरा घरं होती. प्रत्येक उंबऱ्यापाशी त्यांनी हात जोडले. "चूक माझ्या दुकानाची हाय." माझ्याकडे एकदाही बोट दाखवलं नाही. शेवटच्या घरी एक बाप मेंढरं कोंडत होता. मुलगी आत होती.

"कॉलेज बंद केलं म्या तिचं," तो म्हणाला.

सर तिथंच मातीत बसले. "दादा, शिक्षा मला द्या. तिला कामून?"

त्यानं हातातली काठी भिंतीला टेकवली. मग आत बघून म्हणाला, "चहा टाक गं." आम्ही निघालो तेव्हा मुलगी दारापर्यंत आली. पुढच्या सोमवारी ती कॉलेजला गेल्याचा त्याचा फोन आला, तेव्हा मला रडू आवरलं नाही.

त्या दिवशी परतताना सरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "गादी रिकामी हाय हे दिसलं नव्हतं का?"

"दिसलं होतं, सर."

"मंग?"

त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली.

नंतर सरांनी स्वतः एक छोटं प्लगिन लिहिलं. मुलीच्या घरच्यांनी होकार दिल्याशिवाय नंबर कुणाला दिसणार नाही, एवढंच त्याचं काम. ते सगळ्यांना फुकट ठेवलं. रोज सकाळी चहाच्या आधी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. आणि त्याचा पासवर्ड त्यांनी माझ्याच वहीत लिहिला. मी म्हटलं, "सर, माझ्याकडे? मी तर..."

"म्हणूनच," ते म्हणाले. "तुम्ही आता इसरणार न्हाई."

सर या उन्हाळ्यात गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्यानंतर मी खोली उघडली. खुर्चीवर त्यांचा रुमाल तसाच होता. मला त्यांची इतकी आठवण आली की मी उभीच राहिले.

मग त्यांच्या प्लगिनचं पान उघडलं. कुठल्याशा गावच्या कुणी तीन दिवसांपूर्वी लिहिलं होतं, "आमच्या मुलींच्या वेबसाइटसाठी हे घ्यायचं आहे. इथे अजून कुणी असतं का?"

रुमाल बाजूला ठेवून मी त्यांच्या खुर्चीवर बसले आणि लिहिलं, "हो. विचारा."